पावाची फळी, वाळूची पाटी

ज्या वर्षी लल्ला यामनाला जुळे झाले, एक मुलगा आणि एक मुलगी, त्या वर्षी माझा जन्म झाला. आमच्या सफ्रू गावात एका बाळाच्या बारशाला चाळीस माणसे येतात. मग दोघांच्या बारशाला किती येतील, या धास्तीने तिच्या सासऱ्यांनी सुताराला सांगितले, "माणूस झोपेल एवढी लांब फळी कर." सुताराने देवदार कापला, तासला, दोन दिवस तेल पाजले. बाळांच्या जन्मानंतर सातव्या दिवशी, बारशाच्या सकाळी, माझ्यावर आठ गोल पाव ओळीने मांडले गेले आणि मी पहिल्यांदा भट्टीवर गेले.

मित्रांनो, मी एक जुनी पावाची फळी आहे. फळी म्हटले की तुम्हाला वाटेल, एका जागी पडून राहणारी वस्तू. मी तशी नव्हते. माझे सारे तारुण्य लोकांच्या डोक्यावर गेले. सकाळी घरातून भट्टीकडे, दुपारी भट्टीतून घराकडे, चढावरून, उतारावरून, गाढवांच्या गर्दीतून. थांबणे मला ठाऊकच नव्हते. आजही मला एका जागी चैन पडत नाही.

भट्टी बा कद्दूर यांची. गल्लीतल्या साठ घरांचा पाव एकाच भट्टीत भाजायचा, म्हणून प्रत्येक घराची पिठावर वेगळी खूण असे. कोणी काट्याने टोचत, कोणी चमच्याची कड दाबत. लल्ला यामना किल्लीच्या टोकाने तीन टोचण्या देई. बा कद्दूर यांना लिहिता वाचता येत नव्हते, पण साठ घरांच्या खुणा त्यांना पाठ होत्या. पाव चुकीच्या घरी गेला, असे वर्षातून एखाद्या वेळीच होई. तसे झाले की गल्लीत आठवडाभर त्याचीच चर्चा चाले.

माझी तेव्हा फार वाहवा होई. बायका म्हणत, "यामना, तुझी फळी वाकत नाही ग!" लल्ला यामना मला दर शुक्रवारी राखेने घासून उन्हात उभी करी.

पुढे घरोघरी गॅसच्या चुली आल्या, भट्टीवर पाव शुक्रवारपुरतेच जाऊ लागले. जुळे मोठे होऊन दूरच्या शहरांत गेले. घरात दोन पाव पुरू लागले आणि दोन पावांसाठी कोणी लांब फळी काढत नाही. मला दाराआड उभे केले. माझ्यावर ओली फडकी वाळू लागली, एकदा तर कोंबडीने अंडे घातले. दाराबाहेर पावले वाजली की मला वाटे, आता उचलतील. कोणी उचलले नाही. अशी अकरा वर्षे गेली.

त्याच काळात लल्ला यामना मशिदीतल्या प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागली. पंचावन्नाव्या वर्षी तिने पहिले अक्षर काढले. वहीत तिचा हात कापे, म्हणून घरी येऊन ती माझ्यावर पीठ पसरी आणि बोटाने गिरवी. "तुलाही येऊ दे," ती मला म्हणे, "दोघी म्हाताऱ्या एकदमच शिकू." तेव्हा ती अक्षरे मला टोचण्यांसारखीच वाटत. कोणाच्या घरची ते मात्र कळत नसे.

मग वरच्या आळीतल्या शाळेत चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवर्ग निघाला. लल्ला यामना तिथे मदतनीस म्हणून लागली. मुलांची नाके पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचे. वर्गाच्या शिक्षिका सिहामबाई तरुण होत्या. वर्गात चटया होत्या आणि एक कपाट होते, बाकी काही नव्हते. बाईंनी पालकांना निरोप दिला, "घरात जे पडून आहे ते आणा. फुटकं नको, पण जुनं चालेल." कोणी डबे आणले, कोणी गोण्या, कोणी मसूर. लल्ला यामनाने मला आणले.

बा कद्दूर हातोडी घेऊन आले. त्यांनी माझ्या चारही कडांना पट्ट्या ठोकल्या आणि खाली बुटके पाय लावले. ओढ्याची वाळू चाळून माझ्यावर ओतली. मी वाळूची पाटी झाले. खरे सांगते, सुरुवातीला मला ते मुळीच आवडले नाही. पाय लावले आणि चालणे संपले! मुले माझ्याभोवती बसत आणि मला वाटे, यांनी मला उचलून पळत सुटावे.

सिहामबाई मुलांच्या हाती लगेच पेन्सिल देत नसत. त्या म्हणत, "आधी हात तयार होऊ दे." मुले माती मळत, मसूर आणि वाटाणे वेगळे करत, बाटल्यांची झाकणे फिरवत. वाळूत बोटाने रेघ काढत, पुसत, पुन्हा काढत. चुकले तर तळहात फिरवायचा, की संपले. रागावणे नाही, खाडाखोड नाही. बाई मात्र कोपऱ्यात बसून वहीत लिहीत, आज कोणी काय केले. एकदा लल्ला यामनाने विचारले, "बाई, तुम्ही शिकवता कधी? नुसत्या बघतच बसता!"

"बघितल्याशिवाय काय शिकवू, लल्ला यामना? कणीक मळताना तुम्ही पाणी डोळे मिटून घालता का?"

"मी डोळे मिटूनच घालते," लल्ला यामना म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दुसऱ्या वर्षी थंडीत तूदा आली. बा कद्दूर यांची नात, पाच वर्षांची. तिची आई स्ट्रॉबेरीच्या मळ्यांवर कामाला स्पेनला गेली होती, वडील नव्हते. आजोबांच्या भट्टीशेजारी पिठाच्या पोत्यावर बसून ती वाढली होती. आजोबांशी ती डोंगराकडच्या बोलीत खूप बोले म्हणतात. वर्गात आली आणि तिने तोंड मिटले ते मिटलेच. पेन्सिलला हात लावला नाही, गाण्यात आली नाही, नाव विचारले तर खाली बघे. दिवसचे दिवस ती माझ्याजवळ बसून राही. बोट वाळूवर आणी, टेकवत नसे. माझा जीव कासावीस होई. टेकव ना ग पोरी, मी मनात म्हणे, वाळू काही चावत नाही.

एका सकाळी बा कद्दूर तिला सोडायला आले आणि दारातच थांबले.

"बाई, हिला पुढच्या वर्षी पहिलीत घेतील ना?"

"प्रयत्न चाललाय, बा कद्दूर. का हो?"

"हिची मावशी फेस शहरातून निरोपावर निरोप धाडतीये. म्हणते, पोर शिकत नसेल तर माझ्याकडे द्या, एका बड्या घरी कामाला ठेवते. सहाव्या वर्षी! मी नाही म्हटलं. पण माझी छाती आता भट्टीच्या भात्यासारखी वाजते. मी गेल्यावर नाही कोण म्हणणार? शाळेच्या यादीत नाव असलं, तर ती नेऊ शकणार नाही."

यादीवर सही मुख्याध्यापक सी द्रीस यांची. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत असे. त्यांनी बाईंना बजावले होते, "चेरी उतरल्या की मी येईन. जी मुलं काहीच करत नाहीत, त्यांना पहिलीत ढकलू नका. बाहेर रांग लागलीये."

झाडांवर चेरी लाल होऊ लागल्या तसे मला एकेक दिवस जड जाऊ लागले. तूदाचे बोट अजून वाळूला टेकले नव्हते.

मग बाईंनी कोपऱ्यात खोके उलटे ठेवून भट्टी मांडली. खेळातलीच. मुलांनी मातीचे पाव केले आणि जो तो आपल्या घरची खूण दाबू लागला. बावीस पाव झाले. कडेचा मुलगा ओरडला, "भट्टीवाला कोण?" कोणी काही म्हणायच्या आत तूदा उठली. तिने माझी वाळू एका बाजूला लोटली, मोकळ्या जागेवर पाव मांडले, भट्टीत सारले, बाहेर काढले. नंतर एकेक पाव उचलून ज्याचा त्याला दिला. बावीसच्या बावीस बरोबर. एक मुलगी मुद्दाम म्हणाली, "हा माझा नाहीच!" तूदाने पाव तिच्या नाकासमोर धरला आणि बोटाने खूण दाखवली. मुलगी लाजली.

लल्ला यामनाच्या हातातला फडका खाली पडला. "बाई, अहो ही वाचतीये! आम्ही जे पंचावन्नाव्या वर्षी शिकलो, ते हिला कधीचं येतंय."

दुसऱ्या दिवशी सिहामबाईंनी माझ्या वाळूत अरबी अक्षराची एक वाटी काढली. खाली एक टिंब दिले. "हे ब चं घर." शेजारी तशीच वाटी, वर दोन टिंबे. "हे त चं. तुझं नाव इथून सुरू होतं." पुन्हा तीच वाटी, वर तीन. "हे थ चं. पाव एकच, तूदा, घरं तीन." तूदाने बराच वेळ पाहिले. मग तिचे बोट टेकले. तिने वाटी काढली आणि वर दोन टिंबे दिली. मित्रांनो, चाळीस वर्षांत माझ्यावरून किती पाव गेले असतील! पण त्या दोन टिंबांचे वजन मला अजून जाणवते.

पण वेळ कुठे होता? तिसऱ्याच दिवशी सी द्रीस आले. मुलांनी नावे लिहिली, कोणी अर्धी, कोणी उलटी. सी द्रीस तूदापाशी आले.

"नाव लिही, बाळ."

ती खाली बघत राहिली.

"बरं, तुला येईल ते लिही."

तूदाने मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिले. मग वाळूत मोठा गोल काढला आणि त्यात शेजारीशेजारी दोन लहान कड्या.

"हे काय?"

"तुमचं घर असणार ते, सी द्रीस," लल्ला यामना म्हणाली. "तुमच्या पावावरची खूण. तुमचा पाव अजून भट्टीवर येतो ना शुक्रवारी?"

सी द्रीस हसले. "आमची खूण काट्याची, लल्ला यामना. माझ्या आईपासूनची. चार टिंबं एका ओळीत. पोरगी चुकली." आणि ते वाळू सारखी करायला वाकले.

तूदाने दोन्ही हात त्या गोलाभोवती आडवे धरले. "पुसू नका," ती म्हणाली. वर्गातले तिचे ते पहिले बोलणे. "पुसलं तर पाव दुसऱ्याच्या घरी जाईल."

सी द्रीस थांबले. सही न करताच त्यांनी फाईल मिटली आणि ते गेले.

ती दुपार मला फार वाईट गेली. "चुकली असेल का हो ती?" बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या. लल्ला यामनाला सी द्रीस यांच्या घरची नवी जुनी काहीच खबर नव्हती. ती नुसती झाडलेलाच वर्ग पुन्हा झाडत होती. तो गोल कोणी पुसला नाही. रात्रभर तो माझ्यावर होता.

सकाळी घंटेच्या आधी सी द्रीस आले. हातात फडक्यात गुंडाळलेला पाव. त्यांनी तो उलगडून माझ्या कडेवर ठेवला. पावावर दोन कड्या होत्या.

"बायकोला विचारलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "शेजारच्या नव्या सुनेनेही काटाच धरला. पाव उलटसुलट व्हायला लागले, म्हणून रमजानपासून ही शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान दोनदा दाबते. मला म्हणाली, तुम्हाला सांगून काय उपयोग, तुम्ही कधी बघता?"

लल्ला यामनाला राहवले नाही. "म्हणजे रमजानपासून दर शुक्रवारी खाताय आणि वरचं एकदाही वाचलं नाहीत? तुम्हाला कुठल्या वर्गात बसवू, सी द्रीस?"

"बसवा बालवर्गातच," ते म्हणाले, आणि तूदाशेजारी चटईवर बसले. बसूनच त्यांनी यादीवर सही केली. तूदाला तेव्हा नावातले पहिले अक्षरच येत होते. बाकीची सुट्टीनंतर आली.

सप्टेंबरात मावशी आली. बा कद्दूर भट्टीच्या दारातून हलले नाहीत. "चहा पी, गरम पाव घे, आणि आलीस तशी परत जा," ते म्हणाले. "पोरीची उद्या शाळा आहे."

त्यानंतर वर्गात रंगीत प्लास्टिकचे ट्रे आले आणि मी भिंतीकडे सरकले. एक पाय डुगडुगतो, एका कडेची पट्टी सुटली आहे. तरी आपले बोट वर धरून बसलेले एखादे मूल दरवर्षी माझ्याकडेच येते, आणि माझा जीव पुन्हा वरखाली होऊ लागतो. मित्रांनो, एवढेच मागते. माझी पट्टी ठोका, वाळू चाळून घाला. आणि लहान मुलाने काढलेली रेघ पुसण्याआधी त्याला विचारा, हे कोणाचे घर आहे. जे मूल बोलत नाही, ते वाचत नाही असे समजू नका.

बा कद्दूर मावशी येऊन गेल्यानंतरच्या वर्षी, रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात, एका सोमवारी सकाळी, भट्टी पेटवण्यापूर्वी वारले. तूदा तेव्हा पहिलीत होती, आणि तिचे नाव शाळेच्या यादीतच राहिले.