जवळ जायला लावणारी लेन्स

कॅमेरा घ्यायचा होता पंकजाला, पण दुकानाची पायरी आधी चढली तिची आजी, भिवराबाई. पेडगावाहून परभणीला येताना ऑटोत पंकजानं तिला चांगलं बजावलं होतं, "आजी, दुकानात तू मधी बोलायचं न्हाई." भिवराबाईनं लगेच मान डोलावली होती. भिवराबाईनं लगेच मान डोलावली की ती ऐकणार नाही, हे तिच्या घरातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं.

दुकान रंगनाथचं. लग्नसराईत पंकजा त्याच्याकडूनच भाड्यानं कॅमेरा नेऊन आसपासच्या गावांतल्या लग्नांचे फोटो काढायची. आता तिच्याच भावाचं, आदिनाथचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि घरच्या लग्नात तरी आपल्या हातात आपला कॅमेरा असावा म्हणून तिनं हट्ट धरला होता.

रंगनाथनं काउंटरवर कपडा पसरला आणि त्यावर काळा कॅमेरा ठेवला. "डीएसएलआर हाय मावशी. वापरलेला हाय, पण एकाच हातचा."

भिवराबाईनं तो उचलला. उलटा केला, सुलटा केला, बूड चाचपलं, आणि लेन्स काढलेल्या भोकात बोट घालायला निघाली.

"आजी! आत बोट घालू नको!"

"दात बघायले. दात बघितल्याबिगर कुणी जनावर घेतं का?" मग रंगनाथकडं वळून, "किती वेताची हाय ही?"

पंकजा कानापर्यंत लाल झाली. रंगनाथ मात्र हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "मावशी, बराबर विचारलंत. ह्याच्या पोटात आकडा असतो, आजवर किती फोटो काढले त्याचा. गिऱ्हाइकानं तो आधी बघायलाच पाहिजे." त्यानं कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून आकडा दाखवला. "दुसऱ्या वेताची समजा."

"मंग लय दूध देईल आणखी. पंके, घे."

कॅमेऱ्याचं ठरलं. घोडं अडलं लेन्सपाशी. पंकजाजवळ जेवढे पैसे होते त्यांत एकच लेन्स बसत होती, आणि काउंटरवर होत्या दोन. एक लांबुळकी, हातभर वाटावी अशी झूम. लांबचं माणूस डोळ्यापुढं आणून उभं करणारी. दुसरी बुटकी, चहाच्या कपाएवढी. ती ना पुढं ओढता येत होती ना मागं.

भिवराबाईनं दोन्ही तळहातावर तोलल्या. "ही लांबडी वजनाला बरी हाय. दुसरी तर कुपोषित दिसायली."

पंकजाचा चेहरा खुलला. तिच्या मनात लांबडीच होती. आजीच्या कानाशी लागून ती हळूच म्हणाली, "हिच्यानं मी मांडवाच्या पार त्या टोकाहून आईचा फोटो काढते. तिला कळणार बी न्हाई."

भिवराबाईचा हात तसाच अधांतरी राहिला.

पंकजाची आई विजयमाला म्हणजे भिवराबाईची सून. तिचा नवरा, भिवराबाईचा धाकटा लेक रामहरी, ऐन उमेदीत गेला. हार घालायला त्याचा एकट्याचा फोटो घरात नव्हता. तेव्हा कुणीतरी लग्नातला जोडीचा फोटो शहरात नेला, आणि फोटोवाल्यानं रामहरीला ठेवून विजयमालाला कापून टाकलं. रामहरी भिंतीवर गेला आणि विजयमाला कात्रीखाली गेली. त्या दिवसापासून तिनं कॅमेऱ्याला तोंड दाखवलं नाही. लेकरं मोबाइल घेऊन आली की पदर नाकापर्यंत ओढायची आणि म्हणायची, "माझा फोटो कशाला? कुठं लावायचाय?"

आदिनाथच्या हळदीत आईच पुढं राहील, ज्याला पटत नसंल त्यानं जेवायला येऊ नये, असं भिवराबाईनं भावकीला केव्हाच सुनावलं होतं. भावकी गप्प बसली. पण भावकीला गप्प बसवणं सोपं. विजयमालाला हुकूम सोडला तर ती मांडवात येईल, हळदही लावील, पण तोंड झाकूनच. मग उद्या आदिनाथच्या लेकरांनी बापाच्या लग्नाचे फोटो बघून विचारलं की आमची आजी कुठंय, तर एक पदर दाखवायचा?

भिवराबाई म्हणाली, "म्हंजे चोरून काढणार तू."

"चोरून न्हाई गं, लांबून."

"बांधाआडून लांडगा बी लांबूनच बघतो."

पंकजाचे डोळे भरून आले. "मंग काय करू? जवळ गेले की ती तोंड झाकती. मला माझ्या आईचा एक फोटो पाहिजे. एकच."

लेकरू रडायला लागलं की भिवराबाईला बोलणं सुचत नसे, काम सुचे. तिनं रंगनाथला दोन्ही लेन्स घेऊन बाहेर यायला लावलं आणि स्वतः दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. "माझा काढ. आधी लांबडीनं."

पंकजा कॅमेरा घेऊन मागं सरकत सरकत रस्त्याच्या पलीकडं गेली. मधून ऑटो, मोटारसायकली, केळीचा गाडा. ती डोळ्याला कॅमेरा लावून उभी असताना भिवराबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत राहिली. पंकजा परत आली. फोटो झकास होता. कपाळावरचं गोंदणसुद्धा मोजून घ्यावं असं दिसत होतं.

"लय छान," भिवराबाई म्हणाली. "आता सांग, मी काय बोलत होते?"

"मला कसं ऐकू येईल? मी पार तिकडं होते."

"आता त्या बुटकीनं काढ."

बुटकीनं काढायला पंकजाला पुढं यावं लागलं. आणखी पुढं. शेवटी ती आजीच्या गुडघ्याला गुडघा लावून पायरीखाली उकिडवी बसली. भिवराबाई पुन्हा तेच पुटपुटली, आणि या वेळी ते पंकजाच्या कानावर पडलं, "तुझा बाप असता तर त्यानं तुला दोन्ही घेऊन दिल्या असत्या गं बाई."

पंकजानं कॅमेरा खाली घेतला. फोटो काढायचाच राहिला.

रंगनाथ घसा खाकरून म्हणाला, "एक सांगतो, ही लेन्स अंधाराला चांगली. पत्र्याच्या खोलीत, मांडवाच्या सावलीत, लाइट मारल्याबिगर फोटो येतो. झूम लागली तर लग्नापुरती माझी घेऊन जा."

"पण आई जवळ येऊ द्यायची न्हाई ना!"

"आपण नवी मेंढी बाजारातून आणली तर ती पहिल्या दिवशी येऊ देती का?" भिवराबाई उठली, लुगडं झटकलं. "बांध बाबा ही बुटकी."

नवी मेंढी कशी वळवायची हे पंकजाला शिकवायची गरज नव्हती, ती त्यातच वाढली होती. तिच्यामागं धावायचं नाही. तिच्या डोळ्यात बघायचं नाही. तिच्याजवळ अंग वळवून बसायचं, आपलं काहीतरी काम करत राहायचं, आणि ती हुंगायला येईल तेव्हा हलायचं नाही. पण ही रीत आपल्या आईला लावायची, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आता ती आईशेजारी बसू लागली. आई डाळ निवडायची, ही निवडायची. आई कोकराला बाटलीनं दूध पाजायची, ही त्याचे पाय धरायची. गळ्यात कॅमेरा, वर झाकण तसंच. पहिल्या दिवशी विजयमालानं तो बघताक्षणी पदर ओढला. झाकण निघत नाही म्हटल्यावर हळूहळू पदर खांद्यावर आला. मग एकदा तीच वैतागून म्हणाली, "ह्ये गळ्यात ओझं कामून घेऊन बसतीस गं? मान मोडंल."

"सवय करायले."

"बघू, जड हाय का?"

पंकजा हलली नाही. नुसता पट्टा गळ्यातून काढून तिनं कॅमेरा आईच्या मांडीवर ठेवला, झाकण काढलं, आणि डोळा कुठं लावायचा ते दाखवलं. समोर बाजेवर भिवराबाई सुपारी कातरत बसली होती. विजयमालानं डोळा लावला. बराच वेळ लावूनच ठेवला.

"काय दिसायलं?" पंकजानं विचारलं.

"आत्याबाई दिसायल्या. लय जवळ." मग हसू दाबत, "रागावल्याबिगर बसल्या की बऱ्या दिसतात."

"सुनबाईची जीभ बघा!" भिवराबाई कडाडली. "माझ्या सुरकुत्या मोजायलीस का? तुझ्याच हातचं खाऊन पडल्यात त्या!"

विजयमाला हसली. तोंडाला हात न लावता, दात दिसतील अशी. हसता हसताच तिनं कॅमेरा लेकीकडं दिला, आणि पंकजानं तो डोळ्याला लावला. आता तो आपल्याकडं वळलाय हे विजयमालाला दिसलं. तिचा हात सवयीनं पदराकडं गेला आणि काठ धरून थांबला. पंकजाही थांबली. इतकी जवळ होती की आईचा श्वास काचेवर येत होता.

"इतक्या जवळून काढतीस," विजयमाला म्हणाली, "गालावरचे वांग दिसतील."

"दिसू दे."

हात पदरावरून मांडीवर आला. कोकरू मधेच ओरडलं, तिची नजर तिकडं गेली, परत लेकीकडं आली, आणि खटका वाजला.

फोटो बघायला तिनं कॅमेरा दोन्ही हातांत धरला. आतल्या बाईकडं ती किती तरी वेळ बघत राहिली. ओळखीचं कुणी फार वर्षांनी दारात यावं, तसं.

"म्हातारी झाले की मी."

"झालीस तर झालीस," भिवराबाई म्हणाली. "आता सासू व्हायलीस. तरणी राहून काय करणार?"

विजयमालानं कॅमेरा लेकीच्या मांडीवर ठेवला. कोकराला जवळ ओढलं, त्याच्या तोंडात बाटली दिली, आणि मान वर न करता विचारलं, "आत्याबाई, आदूच्या हळदीला मी कोणतं लुगडं नेसू?"

भिवराबाईनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाली, "मला काय विचारतीस? जा, ट्रंक उघड. आन् फिक्कं आणशील तर तंगडं मोडीन."