पास व्हायचं नव्हतं हो!

आईने माणगावहून दोन किलो पेढे आणून वाटायला सुरुवात केली, तेव्हा मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. कारण मी बी.ए. पास झाले होते!

हसू नका. मी कबड्डीत डावा कोपरा सांभाळते. शेवटच्या वर्षाला विद्यापीठाच्या संघात मी नक्की होते. तिथले सामने बघायला कंपन्यांची माणसं येतात, पोरगी पसंत पडली तर थेट नोकरी. पण साथ आली आणि अख्खा हंगाम रद्द. आमच्या कबड्डीच्या शिवदास सरांनी जुनी युक्ती सांगितली, "पूनम, एक पेपर मागे ठेव. कॉलेजात नाव राहिलं तर पुढच्या वर्षी खेळशील."

म्हटलं, नापास व्हायला काय लागतं? परीक्षा मोबाईलवर. अर्थशास्त्राचा पेपर उघडला, एकाही प्रश्नाला हात लावला नाही, आणि अंगणात जाऊन दोनशे बैठका मारल्या. निकालाआधीच भरायचा असतो तो एम.ए.चा फॉर्मही भरला नाही. नापास होणारीने तो कशाला भरायचा?

आणि विद्यापीठाला नेमकं तेव्हाच मायेचं भरतं आलं! साथीत पोरांचं नुकसान नको म्हणून मागच्या गुणांची सरासरी काढून सगळ्यांना पास केलं. तेही एम.ए.ची मुदत संपल्यावर. त्याच आठवड्यात दुसरं पत्रक आलं. रद्द हंगामाची भरपाई म्हणून खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळणार, फक्त नाव कॉलेजात हवं. दैव देतं नि कर्म नेतं, ते असं.

सरांना फोन केला. "अगं, आमच्या वेळी नापास होता यायचं," म्हणाले. डोंबलाची तुमची वेळ!

"त्वांड का पाडलंस?" आईने पेढा पुढे केला. "आपल्या घरात पयली पदवी हाय."

मग माझ्याच्याने राहवेना. कोरा पेपर, कंपनी, नोकरी, सगळं भडाभडा सांगून टाकलं आणि रडले.

आई खोका घेऊन उंबऱ्यावर बसली.

"तीन वर्सं भाताच्या आवणीला तुला हाक मारली न्हाय," ती म्हणाली. "अब्यास करतेस म्हून."

तिने खोका माझ्या हातात दिला. "उरलेली घरं तू कर."

शेजारच्या कमळकाकूने पेढा तोंडात टाकला नि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नाव काढलंस गं आईचं! लई अब्यास केलास ना?"

आई दारातून बघत होती.

"हो काकू," मी म्हटलं.