अर्चिनची अंडी आणि बिनसाबणाच्या बश्या

डॉक्टर टोबायस विन्स्लोला बोलायची रीत कोणी शिकवलीच नसावी. सोमवारी सगळ्यांसमोर मला म्हणाला, "देओलिंडाबाई, तुम्ही माझ्या बश्या साबणाने धुतल्यात. अंडी दुभंगतच नाहीत."

साबण! वुड्स होलच्या या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत एकतीस उन्हाळे मी काचेची भांडी धुतेय. अंड्यांच्या बश्यांना साबणाचा वारासुद्धा लागू देत नाही. नुसतं पाणी, सात वेळा. तिसरीत शाळा सुटली, पण सातपर्यंत मोजता येतं मला.

तो तेवढ्यावर थांबला नाही, प्रयोगशाळा चालवणाऱ्या मोठ्या बाईंकडे गेला. बुधवारीही अंडी अडली तर माझ्या जागी धुण्याचं यंत्र येणार होतं.

बुधवारी सकाळी त्याच्या डोळ्यांदेखत बश्या धुतल्या आणि तिथेच खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही इथे थांबणार?"

"का, अंडी लाजतात?"

समुद्रातल्या काटेरी अर्चिनची अंडी ती, फळवून बरणीत ठेवलेली. एका बशीत नुसतं समुद्राचं पाणी, दुसरीत त्याचं औषध.

"हे औषध काय करतं रे?"

"पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना जातात. प्रोटीनच्या बारीक नळ्या त्यांना नेतात, दोरीसारख्या. औषधाने त्या विरघळतात."

"पण दोरी ओढतं कोण?"

"कोणी नाही. गुणसूत्राकडचं टोक उसवत जातं, आणि गुणसूत्र त्या उसवत्या टोकाला धरून सरकतं."

"उसवणारी दोरी ओझं नेते? हे माझ्या नवऱ्याला, मनुएलला सांग. जन्मभर जाळी ओढून कंबर मोडली बिचाऱ्याची!"

तो हसला, आणि हसता हसता औषधाच्या बशीत ड्रॉपरने अंडी ढवळली. मग तोच ड्रॉपर साध्या पाण्याच्या बशीत बुडवला.

मी ते पाहिलं, आणि नवा ड्रॉपर पुढे केला. "बरणीतली थोडी अंडी अजून एका साध्या पाण्याच्या बशीत सोड. माझी हौस म्हणून."

तासाभराने तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. पहिल्या दोन्ही बश्यांत गुणसूत्रं मध्येच गोंधळून अडकलेली. तिसरी बशी आली तशी मीच त्याला बाजूला सारलं. एकतीस वर्षांत कोणी मला आत डोकावू दिलं नव्हतं.

अंड्याच्या पोटात उजळ ठिपक्यांचे दोन झुबके एकमेकांपासून सरकत होते. कप्पी नाही, हात नाही. मला वाटलं, दोरीला कळतं तरी कसं, किती उसवायचं ते?

"बाई, मला बघू द्या ना!"

"थांब. अजून पोचली नाहीत."

शेवटी उठले. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "पण तिन्ही बश्या तर एकाच धुण्यातल्या..."

"एकाच धुण्यातल्या, माझ्या हातच्या. औषधात बुचकळलेला ड्रॉपर साध्या पाण्यात तू घातलास. डोकं लख्ख आहे तुझं, टोबायस, हात मात्र उष्टा. जा, मोठ्या बाईंना हे तुझ्या तोंडाने सांग."