कोंडलेल्या सरांचा जबाब

पत्र आलं तेव्हा टिटवीची आई दुकानात चष्म्याची काच घासत होती. शेजारीणबाई ते घेऊन थेट दुकानातच आल्या. "पोस्टमन वाटेतच भेटला. शाळेचा शिक्का दिसला, म्हटलं संध्याकाळपर्यंत कशाला ठेवा."

आईने हात पुसून पत्र वाचलं आणि उभ्या उभ्या परत वाचलं. नववीतल्या तिच्या मुलीचं नाव शाळेतून काढून टाकलं होतं. विज्ञानाच्या सरांना प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत कोंडून त्यांच्या जिवाला धोका निर्माण केला, असं कारण दिलं होतं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की निर्णय मान्य नसल्यास पत्राच्या तारखेपासून दहा दिवसांत शिक्षण कार्यालयात अपील करता येईल. तारीख सहा दिवसांपूर्वीची होती.

मुलगी गेला आठवडाभर घरीच होती. "सरांची जरा मस्करी केली, म्हणून घरी बसवलंय," एवढंच तिने सांगितलं होतं. लहानपणापासून अखंड बडबड करते म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत, पण या आठवड्यात तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आईने तिला चार शब्द सुनावले होते आणि विषय तिथेच सोडला होता. आता तिला स्वतःचाच राग आला. पुढची काच तिने वेड्यावाकड्या कोनात घासून वाया घालवली. "आज हात ठिकाणावर नाही तुमचा," मालक म्हणाले. "घरी जा."

ती घरी न जाता शिक्षण कार्यालयात गेली. तिथे खिडकीत बसलेल्या कारकूनबाईंनी पत्र चाळलं.

"अर्ज साध्या कागदावर चालतो, ताई. पण आधी शाळेकडून फाइलची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. त्यांनी काय लिहिलंय तेच माहीत नसेल तर तुम्ही भांडणार कशावर?"

संध्याकाळी टिटवीचा मामा आला. तो कुठल्याही गोष्टीवर अर्ध्या मिनिटात तोडगा काढत असे. "फाइलबिइल कशाला, ताई? पोरीने सांगायचं, दार आपोआप लागलं. मला काही आठवत नाही. झालं."

टिटवीने मामाकडे पाहिलं आणि ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेली. मुख्याध्यापिकाबाई उद्धट नव्हत्या, उलट थकलेल्या दिसत होत्या. "मी तुमच्या मुलीच्या वाइटावर नाही," त्या म्हणाल्या. "पण हे चालवून घेतलं तर उद्या दुसरं कोणी कोंडेल. मी सगळ्या शिक्षकांना काय तोंड दाखवू?" प्रत मात्र त्यांनी दिली. सहा पानं होती.

आईला घरी पोचेपर्यंत दम निघेना. बसथांब्यावरच तिने पानं उघडली. शिपायाचा जबाब होता, दोन मुलींचे जबाब होते, समितीचा ठराव होता. टिटवीचा जबाब कुठेच नव्हता. ठरावात एकच ओळ होती: 'त्याच दिवशी दुपारी चार वाजता विद्यार्थिनी व पालक यांचे म्हणणे ऐकून घेतले.' चार वाजता आई दुकानात होती. टिटवीला तर दीड वाजताच घरी पाठवलं होतं. सापडले, तिला वाटलं, कोणाला न विचारता कागद रंगवलाय यांनी.

शेवटचं पान सरांच्या जबाबाचं होतं. ते तिने वाचायला नको होतं असं तिला नंतर वाटलं. पन्नास मिनिटं ते आत होते. खोलीला खिडकी नव्हती. सरांना दम्याचा त्रास होता आणि श्वासाचा पंप बाहेर टेबलावर राहिला होता. आधी हाक मारली, मग स्टुलाने दार वाजवलं, मग आवाजच फुटेना. शेवटी शिपायाने कडी काढली. 'आता मला वर्गाचे दारही लावून घेता येत नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं.

बस आली आणि गेली. आई चालतच निघाली, आपल्या गल्लीच्या पुढे गेली, परत मागे आली.

घरात शिरताच तिने विचारलं, "कडी कोणी लावली?"

"मी."

"का?"

"सरांनी सगळ्यांसमोर माझी प्रयोगवही फाडली. म्हणाले, उतरवून काढलीस. मी नव्हती उतरवली." टिटवी भिंतीकडे बघून बोलत होती. "तास संपला की उघडणार होते. खरंच, आई. पण मग दार वाजायचं थांबलं. मला वाटलं, त्यांना काहीतरी झालं. मग मला उघडायचीच भीती वाटली. मी वर्गात जाऊन बसले."

आईला तिला मारावंसंही वाटलं आणि जवळ घ्यावंसंही. दोन्हीतलं काही न करता ती मोरीत जाऊन भांडी घासू लागली, घासलेलीच परत घासू लागली. बऱ्याच वेळाने तिने आतूनच सांगितलं, "मामा म्हणतो तसं काही बोलायचं नाही."

"मी बोलणारच नव्हते," टिटवी म्हणाली.

नवव्या दिवशी अर्ज दाखल झाला. त्यात आईने दोनच मुद्दे लिहिले: मुलीचं म्हणणं कोणी ऐकलं नाही, आणि नाव काढून टाकण्याआधी दुसऱ्या शिक्षेचा विचार झाला नाही. तिने काही केलंच नाही, असं कुठेही लिहिलं नाही. मामा वाचून म्हणाला, "हे अपील आहे की कबुली?"

सुनावणी तीन आठवड्यांनी झाली. लांबट टेबलामागे तिघं बसले होते. मध्ये अध्यक्षबाई होत्या, त्यांचा चष्मा नाकावरून सारखा घसरत होता आणि इतक्या ताणातही आईला तो घट्ट करून द्यावासा वाटला. सर दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. दार त्यांनी उघडंच ठेवायला सांगितलं होतं.

"चार वाजता तुम्ही कोणाचं म्हणणं ऐकलंत?" अध्यक्षबाईंनी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं.

"सर दवाखान्यात होते. सगळे घाबरलेले होते. नेहमीचा मसुदा असतो, तो तसाच उतरला," मुख्याध्यापिकाबाई हळूच म्हणाल्या.

मग टिटवीची पाळी आली. तिने सगळं सांगितलं. आवाज थांबल्यावर ती वर्गात जाऊन बसली, तेही सांगितलं. आईने ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं.

"सर, तुम्हाला काही सांगायचंय?"

सर उठून उभे राहिले. "वही मी फाडली, हे खरं आहे. माझ्या जबाबात ते नाही. ते यायला हवं होतं." त्यांनी घसा साफ केला. "पण तिच्या वर्गावर मी जाणार नाही. मला जमायचं नाही."

टिटवी मान खाली घालून म्हणाली, "सर, चुकलं माझं." सर उघड्या दाराकडे बघत राहिले.

निकालाचं पत्र आठ दिवसांनी आलं. मुलीचं म्हणणं न ऐकता नाव काढलं म्हणून तो निर्णय रद्द झाला होता. त्याऐवजी सत्र संपेपर्यंत तिला शाळेत यायला मनाई होती आणि पुढच्या सत्रात तिला दुसऱ्या तुकडीत बसवायचं होतं. "जिंकलो की," मामा म्हणाला. आईने मान हलवली, पण दिवसभर ती या खोलीतून त्या खोलीत काहीतरी शोधत असल्यासारखी फिरत राहिली.

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी टिटवी शाळेतून आली तेव्हा आई दारातच उभी होती.

"जिन्यात सर समोरून आले," टिटवी दप्तर न काढताच सांगू लागली. "मी बाजूला झाले तर तेही त्याच बाजूला झाले. मग दोघं परत दुसऱ्या बाजूला."

"काही म्हणाले?"

"नाही. मीही नाही. मग मी भिंतीला चिकटून उभी राहिले आणि ते गेले."

"आणि उद्या?"

"उद्या पण तोच जिना आहे, आई," टिटवी म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.