सतरंजी ज्याच्या घरी, नंबर त्याचा

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, चांगली बारा हात लांब, आणि एका कोपऱ्याला डासांच्या कॉइलने पाडलेले भोक असलेली. मला नीट पाहिलेत तर अगदी मधोमध वाटीएवढ्या दोन विरळ जागा दिसतील. नवख्या माणसाला वाटते, मला कसर लागली आहे. मुळीच नाही! त्या इंदुताईंच्या गुडघ्यांच्या जागा आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे.

माझा जन्म नेवाशाकडच्या एका हातमागावर झाला. इंदुताईंच्या यजमानांना कंपनीत नोकरी लागली आणि दोघे पिंपरीकडे निघाले, तेव्हा गावच्या ख्रिस्ती मंडळीने मला त्यांच्या ट्रंकेत घातले. "तिकडं एकटे बसू नका, चौघं मिळून बसा," असे पाळकसाहेबांनी बजावले होते. आधी दापोडीतली एक खोली, मग चिखलीतली इमारत, असा माझा संसार झाला. इंदुताईंचे यजमान पुढे वारले, पण चौघांना मिळून बसवायचे काम इंदुताईंनी सोडले नाही.

इकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून आमची घरगुती उपासनाही गुरुवारी, संध्याकाळी सातला. दर आठवड्याला वेगळे घर. नियम इंदुताईंनी घातलेला: उपासना संपली की पुढच्या घरच्याने मला खांद्यावर टाकून न्यायचे. सतरंजी ज्याच्या घरी, नंबर त्याचा. इतकी वर्षे त्यात कधी घोळ झाला नाही.

मी माणसे गुडघ्यांवरून ओळखते. वेल्डर सयाजीचे गुडघे दगडासारखे. निरंजनचे मात्र एका जागी ठरत नसत. प्रार्थना लांबली की तो चुळबुळायचा, आणि त्याची बायको दीपमाला त्याला कोपराने ढोसायची. पण गीत सुरू झाले की पहिला आवाज निरंजनचा, तोही सगळ्यांच्या एक पट्टी वर. ओल्या पायांनी येणाऱ्यांचा मला राग येतो, चहा सांडणाऱ्यांचा त्याहून जास्त. हे दोन्ही गुन्हे निरंजन दर वेळी करायचा आणि मी त्याला दर वेळी माफ करायचे.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या एका सोमवारी, चाकणहून पहिली शिफ्ट करून परतताना, एका ट्रकने त्याच्या दुचाकीला उडवले. येत्या गुरुवारचा नंबर त्यांचा होता, त्यामुळे मी त्यांच्याच घरी होते. तो दवाखान्यात, दीपमाला त्याच्या उशाशी, आणि इकडे त्यांच्या घरात मंडळीने मला पसरून कारखान्यासारख्या तीन शिफ्ट लावल्या. पहिलीला इंदुताई, दुसरीला शेजारच्या बायका, तिसरीला सयाजी. तीन दिवस मला कोणी गुंडाळले नाही. मीही माझ्या परीने मागणे मागितले. गुरुवारी पहाटे निरंजन गेला.

आठवड्याने मंडळी भेटायला आली, तेव्हा दीपमाला दारातच उभी राहिली.

"तीन दिवस तीन शिफ्ट लावून प्रार्थना केलीत ना तुम्ही? काय झालं तिचं?" ती म्हणाली. "आता मला तुमचं काही नको. आणि येऊही नका."

तिने दार लावले, माझी कशीबशी घडी केली आणि मला कपाटावर भिरकावले. मला फार लागले. पण खरे सांगते मित्रांनो, तिचा प्रश्न माझाही होता.

कपाट खिडकीला लागून होते, म्हणून खालचे पार्किंग मला दिसायचे आणि बोलणेही ऐकू यायचे. त्याच दिवशी खाली सयाजी इंदुताईंना म्हणाला, "ताई, आपण प्लास्टिकची चटई आणू की. कुठं पण बसता येईल."

"चटई आणशील रे बाबा," इंदुताई म्हणाल्या, "पर नंबर दीपमालाचा हाय. तिचा नंबर टाकून पुढं जायाचं न्हाई."

"आणि तिनं बोलावलंच नाही तर?"

"तर हितंच बसायचं. बेल वाजवायची न्हाई, गाणं म्हणायचं न्हाई, तिला टोकायचं न्हाई. नुसतं बसायचं."

आणि मंडळीतले सहा जण खरेच बसले! दर गुरुवारी सातला, दुचाक्यांच्या मधल्या उघड्या फरशीवर, डोळे मिटून, पंधरा मिनिटे. वॉचमन बबनराव पहिल्या आठवड्यात कुरकुरले, दुसऱ्या आठवड्यापासून आपणहून गाड्या सरकवून जागा करू लागले. दीपमालाला याचा पत्ता नव्हता. घरात गुरुवार नको म्हणून ती आपल्या कंपनीत सुट्टीच्या दिवशी मुद्दाम ओव्हरटाइम घ्यायची आणि नऊला परतायची. डॉक्टरांनी इंदुताईंना खाली बसायची सक्त मनाई केली होती. त्या गार फरशीवर बसलेल्या आणि मी वर घडी होऊन पडलेली. माझा जीव नुसता तळमळायचा.

जानेवारीतल्या एका गुरुवारी कंपनीत माल आलाच नाही. दीपमालाला लवकर सोडले आणि ती सातच्या सुमारास पार्किंगमध्ये शिरली.

"इंदुताई? इथं काय करताय? उठा आधी, फरशी केवढी गार आहे!"

इंदुताईंनी एक डोळा उघडला. "गारच हाय बाई. पर करायचं काय? सतरंजी तुझ्याकडं हाय."

दीपमालाने हळू आवाजात विचारले, "कधीपासून बसताय?"

"तू दार लावलंस त्या आठवड्यापासून," सयाजी म्हणाला. "एक पण गुरुवार चुकला नाही."

जिन्यात धावत्या पावलांचा आवाज झाला. कुलूप निघाले, खुर्ची सरकली आणि दीपमालाने मला खसकन ओढले. पाच महिन्यांची धूळ तिच्या डोक्यावर पडली. ती हसत होती की रडत होती, ते मला कळेना. बहुतेक दोन्ही. तिने मला खांद्यावर टाकून खाली नेले आणि तिथेच पसरले. एरवी ऑइलच्या डागांवर मी अंग टाकले नसते, पण त्या दिवशी मी आनंदाने पसरले.

"मला आता प्रार्थना येत नाही," ती म्हणाली. "तोंड उघडलं की नुसता राग येतो."

"मंग राग घिऊन बस," इंदुताई म्हणाल्या. "क्रुसावरनं प्रभूनंबी 'मला का सोडलंस' म्हनून बापाला जाब इचारला व्हता. त्यो बापाचा लेक न्हवता का?"

त्या बाजूला सरकल्या आणि दीपमाला त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर आली. "देवा, का नेलंस त्याला?" ती मोठ्याने म्हणाली. "मी किती मागितलं होतं! मला रोज त्याची आठवण येते रे." आणखीही पुष्कळ बोलली. तिचे सगळे बोलून होईपर्यंत कोणी मध्ये तोंड घातले नाही. मग इंदुताई म्हणाल्या, "आमेन." आणि बबनरावांनी, ते ख्रिस्ती नसूनही, मागे उभे राहून टोपी काढली.

निरंजन परत आला नाही. तिच्या 'का'ला उत्तरही मिळाले नाही. पण डोळे पुसून तिने विचारले, "पुढच्या गुरुवारी कोणाकडे?" आणि मी सयाजीच्या खांद्यावर चढले.

त्या वर्षीच्या ईस्टरला दीपमालाने मला पहाटे दफनभूमीत नेले आणि निरंजनच्या कबरेजवळ अंथरले. तिने मेणबत्ती लावली. मंडळी जमली, पूर्वेला तांबडे फुटले. इथले पाळकसाहेब पुनरुत्थानाची घोषणा करायला तोंड उघडणार, तोच माझ्यावर उभी असलेली दीपमाला ओरडली, "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" सगळी दफनभूमी दणाणली. मग गीत सुरू झाले आणि पहिला आवाज तिचा होता, सगळ्यांच्या एक पट्टी वर. माझा धागा धागा आनंदाने थरारला. मरणाने आमच्यातला एक आवाज नेला होता, पण आमचे गाणे त्याला नेता आले नव्हते!

मित्रांनो, माझी निगा सोपी आहे. मला झटका, ऊन दाखवा, पाय पुसून माझ्यावर या. आणि एखाद्या दुःखी घरात मी महिनोन्महिने घडी होऊन पडले, तर मला परत मागू नका आणि माझ्या जागी दुसरीही आणू नका. त्या घराखाली फरशीवर बसून राहा. अलीकडे इंदुताईंच्या जागेशेजारी माझ्यावर आणखी दोन विरळ जागा पडू लागल्या आहेत. कोणी कसर म्हणाले, तर त्यांना सांगा, त्या दीपमालाच्या गुडघ्यांच्या आहेत.