तेलाच्या डब्याचं चिलखत

भाड्यानं आणायचं म्हणे चिलखत! मी फोनवरच उमाशंकरला झापलं. "आरं, लेकराची आत्या मेली का? मी करून आणते."

उमाशंकर माझा धाकटा भाऊ. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली. नवऱ्यानं टाकलेली मी उदगीरला माहेरीच होते, त्यामुळं दामिनी माझ्याच कुशीत वाढली. ती आठ वर्षांची झाली आन् ह्यानं दुसरं लग्न केलं, पोरीला घेऊन नांदेडला गेला. जूनपासून मला घर खायला उठतंय. आता शाळेच्या गॅदरिंगमधी ती सेनापती होणार होती. खरं सांगते, मला एवढंच पाहिजे होतं, की तिनं मी केलेलं घालावं, माझ्या गळ्यात पडावं आन् बापाला सांगावं, "उन्हाळ्यात मी आत्याकडंच जाणार."

तेलाचा पंधरा लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घेतला. विळा गॅसवर तापवून मधोमध चिरला, अर्धा छातीला, अर्धा पाठीला. कसला वास सुटला बाई! शेजारची शांतम्मा नाकाला पदर लावून आली. "काय जाळलालीस गं?"

"तुझी जीभ," मी म्हणलं.

तीच मग शाम्पूच्या रिकाम्या बाटल्या कापत बसली, खवल्यांसाठी. खांद्यांना फुटक्या मगाचे तुकडे लावले, बाटल्यांच्या टोपणांच्या घुंड्या केल्या, वरून चंदेरी रंग दिला. कडा लेकराला टोचू नयेत म्हणून साडीचा काठ शिवला, खांद्यावर आन् बगलंत बांधायला नाड्या लावल्या. मापाला तिचा फ्रॉक होताच, खुंटीवर राहिलेला. तिचा वास जाईल म्हणून मी तो धुतला नव्हता.

एसटीत चिलखत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणतो, "मावशी, लढाईला निघालाव का?"

"हाव. तिकीट फाड."

शाळेत दामिनी समोर आली तर मी बघतच राहिले. "केवढी झालीस गं माय!" चिलखत घातलं तर बगलंत दोन्ही कडा जुळेनात. लेकरू वाढणारच, हे कुठल्याबी खुळीला कळतं. मला कळलं न्हाई. मी नाड्या ओढून ओढून बांधल्या.

"आत्या, आवळतंय."

"सेनापतीनं कुरकुर करू न्हाई."

उमाशंकरची नवी बायको पुनम शेजारीच उभी होती. हळूच म्हणाली, "अक्का, बाजूला पट्टी जोडू का?"

"कशाला? बरोबर बसलंय की." मी तिच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

पडदा उघडला. मी पहिल्या रांगेत बसले होते, ऊर भरून आला होता. पोरीनं तलवार उपसली, हात वर केला आन् नाड्या तटकन तुटल्या. डबा धाडकन खाली. सगळी पोरं फिदीफिदी हसाय लागली. दामिनी भेदरून इकडं तिकडं बघितली आन् रडत पायऱ्या उतरून पळत सुटली.

मी उठले, दोन्ही हात पसरले. "ये, माझ्या सोन्या, ये."

ती माझ्या हाताला घासून पुढं गेली. मागच्या रांगेतल्या पुनमच्या पोटात तोंड खुपसलं. "मम्मी! मम्मी, घरी चल."

माझे हात तसेच राहिले. मग कुणी बघितलं की काय म्हणून खाली घेतले. नवऱ्यानं टाकलं तवा मी भांडले होते, शिव्या घातल्या होत्या. आता कुणाशी भांडू? पुनमनं काय केलं होतं? लेकराला माय पाहिजे होती, तिला ती मिळाली. चांगलंच झालं की! चांगलं झालं ते कळत होतं, तरी छातीत नुसतं तुटत होतं.

पुनम खाली बसून तिचे डोळे पुसत होती. "रडू नको बाळा, अजून तुझा प्रवेश राहिलाय. मी नीट करून देते." मग तिनं मान वर केली. "अक्का, पिना आहेत का हो तुमच्याकडं?"

मी स्टेजवरून डबा उचलून आणला. बांगडीतल्या सगळ्या पिना काढल्या आन् पुनमच्या हातावर ठेवल्या.