झाकलेला पंप

"बिडी, तंबाखू, काही?" सिस्टरने विचारलं.

बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या सुनेने मान वर केली. सासूच्या हातातली लंगोटाची घडी हातातच राहिली.

"म्हणजे?" सुनेने विचारलं.

"म्हणजे दिवस गेलेले असताना. लपवू नकोस. नाळेच्या रक्तातून कळतं सगळं. धूर अंगात गेला की रक्त लवकर म्हातारं होतं. जन्मला त्या दिवशीच याच्या रक्ताचं वय असायला हवं त्याच्या पुढे गेलेलं होतं."

"मी कशाला बिडी ओढू?" सून म्हणाली. तिचा आवाज इतका लहान झाला की सिस्टरला तोच पुरावा वाटला.

खरं तर हे सांगायचंच नव्हतं. एकेका बाळाच्या या वयाच्या आकड्यावरून काही ठरत नाही, शेकडो बाळांचं मिळून बघायचं असतं, असं पाहणी चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चारचारदा बजावलं होतं. पण सिस्टरने एकतीस वर्षं वॉर्डात काढलेली. पेशंट खोटं बोलतो आणि नातेवाईक दुप्पट खोटं बोलतात, हे तिचं शिक्षण. निवृत्तीनंतर या हवेच्या पाहणीत लागली तरी संशय काही निवृत्त झाला नव्हता.

पाहणी साधी होती. गरोदर बाईने एक छोटा पंप दिवसभर खांद्याला लावायचा आणि बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत तो त्याच्या उशाशी ठेवायचा. पंप हवा ओढतो, आतल्या पांढऱ्या चकतीवर काजळी बसते. दर सोमवारी सिस्टर चकती बदलून नेई. या आळीतल्या सगळ्या घरांतून चकत्या करड्या येत. याच घरातली मात्र दुधासारखी पांढरी, आणि कारखान्याचं धुराडं तर यांच्याच परसामागे! हवा स्वच्छ, तरी बाळाचा आकडा पुढे. मग बाईच काहीतरी लपवत असणार. सिस्टरने सुतावरून स्वर्ग गाठला.

घरी गेल्यावर मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. सुनेचा नवरा त्याच कारखान्यात बॉयलरवर. कारखान्यावर बालंट नको म्हणून तोच तर चकत्या बदलत नसेल? चोर रंगेहाथ पकडायचा, म्हणून ती सोमवारची वाट न बघता गुरुवारी दुपारीच जाऊन धडकली.

पंप बाळाच्या उशाशीच होता. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली आणि तोंडाला रबर घट्ट गुंडाळलेलं. आत तो बिचारा गुरगुरत होता.

"हे कुणी केलं?"

"मी," सासू कौतुकाने म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तुम्हीच म्हणालात ना, महागाचं यंत्र आहे, जपा? इथे किती धूळ! सकाळी पुसलं की दुपारी बोट उठतं. हिच्या खांद्यावर असतानाही पिशवी घालूनच द्यायची मी. सोमवारी तेवढी काढून, पुसून ठेवते. तुम्हाला घाण दिसायला नको."

सिस्टरने सुनेवर संशय घेतला, नवऱ्यावर घेतला. आजपर्यंत इतक्या महिन्यांत एकदा वार चुकवून येऊन बघावं, एवढं मात्र तिला सुचलं नव्हतं. आणि दर आठवड्याला 'वापर नीट' या रकान्यात तिने स्वतःच बरोबरची खूण केली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

बाळ रडायला लागलं. सून उठली. सासूही उठली, तिच्यासमोर गेली, आणि सुनेने मुकाट्याने तोंड उघडलं. सासूने वास घेतला, मान हलवली, मग बाळ उचलून तिच्या हातात दिलं.

"हे काय?"

"तुम्ही सांगून गेलात त्या दिवसापासून," सून म्हणाली. "दर वेळी. रात्री हे घेतात वास."

सिस्टरने सगळं सांगितलं. पिशवीमुळे चकती पांढरी राहिली. हवा स्वच्छ नव्हतीच. आकडा कशाने पुढे गेला ते एका बाळावरून सांगता येत नाही, पण सुनेवर बोट ठेवायला काडीचाही आधार नव्हता. सासू ऐकता ऐकता पिशवीचं रबर ओढत राहिली.

"म्हणजे मीच..."

"नाही आजी. चूक माझी. मी न बघता खूण केली, आणि न विचारता बोलले."

"लिहून द्या," सून म्हणाली.

सिस्टरने वहीचं पान फाडलं, लिहिलं, सही केली आणि पुढे केलं. सुनेने ते घेतलं नाही. ती बाळाला पाजत होती.

"तुमच्याकडेच ठेवा. हे सहाला येतात. यांच्यासमोर वाचून दाखवा. त्या दिवशी बोललात तेवढ्याच मोठ्याने."

तीनच वाजले होते. अजून चार घरं बाकी होती. सिस्टर दाराजवळच्या स्टुलावर बसली. कुणी पाणी विचारलं नाही, तिनेही मागितलं नाही. सहाच्या सुमाराला बाहेर चपला वाजल्या, तशी ती उभी राहिली आणि तिने कागद उलगडला.